विंटेजराव

विंटेजराव हे कुणा एकाचं नाव नव्हे. अमेरिकेत राहणारा, पन्नाशी ओलांडलेला, घराचं कर्ज फेडून झालेला आणि मुलं कॉलेजात धाडून मोकळा झालेला कुठलाही गृहस्थ एखाद्या बेसावध क्षणी विंटेजराव होतो. जात मूळची तिथल्या गोऱ्यांची. पण न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत आपल्या मराठी मंडळींतही ती चांगली रुजली आहे. गणपतीच्या आरतीला टाळ कुटून झाले की हे गृहस्थ पाहुण्याला तळघरात नेतात, पेटी उघडतात, १९६३ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर बाहेर काढतात आणि म्हणतात, “लांबूनच बघ हं.”

गिटार ते वाजवून दाखवत नाहीत, उजेडात धरून दाखवतात. हिच्या रंगाचं कंपनीने ठेवलेलं नाव ऑलिंपिक व्हाइट. यात पांढरं कुठे आहे, असं विचारायची सोय नाही. पांढऱ्या रंगावर पारदर्शक नायट्रोसेल्युलोज लॅकरचा हात असतो. ते वयाने आणि उजेडाने पिवळं पडतं. वर बारमध्ये वाजवणाऱ्या जुन्या मालकाच्या सिगारेटींचा धूर. पिकगार्ड उघडलं की खाली मूळचा शुभ्र रंग तसाच सापडतो. याच न्यायाने सॉनिक ब्लू नावाची फिकट निळी गिटार म्हातारपणी हिरवट होते. विंटेजराव या सगळ्याला पॅटिना म्हणतात. दुसऱ्याच्या गिटारवर असला तर मात्र तो डाग असतो.

या पंथाचं काशीक्षेत्र म्हणजे गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात काढलेली सनबर्स्ट लेस पॉल. तिचा तांबडा रंग उन्हाने उडायचा, म्हणून कंपनीने १९६०मध्ये सहजी न उडणारा तांबडा आणला. आज रंग उडालेल्या त्याच गिटारी लाखो डॉलरला जातात आणि कुठली चहाच्या रंगावर गेली, कुठली मधाच्या, यावर वयस्क माणसं हमरीतुमरीवर येतात. जगात दुसरा कुठलाही माल विटल्यावर गिऱ्हाइकाने अशी रांग लावलेली माझ्या पाहण्यात नाही.

विंटेजरावांचं दुःख निराळंच आहे. त्यांची गिटार पिवळी आहे, पण सारखी पिवळी नाही. कुणीतरी पूर्वी तिच्यावर गोल स्टिकर लावला होता. तो निघाला तिथे तळहाताएवढा पांढरा गोल उरला आहे. पाहुण्याची नजर नेमकी तिथेच जाते.

बरं, उपाय करावा तर काय? सगळी गिटार नव्याने रंगवली तर किंमत निम्म्यावर येते, हा या बाजारातला ढोबळ हिशोब. तेवढ्याच गोलावर पिवळसर लॅकर फवारलं, तर गिटारमेळ्यात कुणीतरी अतिनील टॉर्च मारणार. जुनं लॅकर त्या प्रकाशात हिरवट-पिवळं चमकतं. नवं तसं चमकत नाही, चोरी उघडी. मुलीच्या लग्नात पत्रिकासुद्धा न पाहिलेले विंटेजराव असा टॉर्च स्वतःच खिशात बाळगतात. पॉलिशने घासावं, तर पिवळेपणाबरोबर लॅकरही जातं.

शेवटी ते ऊन दाखवायचं ठरवतात. सगळ्या गिटारला अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची, गोल तेवढा उघडा ठेवायचा आणि मागच्या अंगणात वाळवणासारखी ती पसरायची. फार तापली तर लॅकर मऊ होणार, म्हणून तासातासाने हात लावून बघायचं. आतून आवाज येतो, “अहो, ढग आलेत! तुमची ती कुरडई आत घ्या!” विंटेजराव धावतात. एरवी या घरात पावसाने कुणी धावत नाही.

फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५पासून मुद्दाम खरवडून, पिवळ्या करून विकायला काढलेल्या रेलिक गिटारींना हेच विंटेजराव “खोटं म्हातारपण” म्हणून नाक मुरडतात. फॉइल दुरुस्त करता करताही मुरडतात. त्यांचं म्हणणं, फेंडरवाले वय बनवतात. आपण फक्त राहिलेलं वय पुरं करतोय. युक्तिवाद वकिलालाही सुचला नसता, हे मान्य केलं पाहिजे.

उन्हाळा संपतो. गोल किंचित पिवळा होतो, आणि फॉइलची कड जिथे सरकली होती तिथे एक नवी रेघ उमटते. आता चिंता रेघेची.

तुम्ही त्यांच्याकडे जाल तेव्हा “पॉलिश का मारून घेत नाही?” एवढं विचारू नका, जेवण लांबेल. आणि जूनमध्ये अंगाला डासांचा स्प्रे फासून गेलात, तर गिटारला हात लावू नका. त्यातलं डीट नायट्रो लॅकर विरघळवतं आणि तुमच्या बोटांचे ठसे कायमचे राहतात. त्या ठशांना विंटेजराव पॅटिना म्हणणार नाहीत.