बिनजहाजाचा कप्तान

आमच्या सोसायटीत ठरलेली लग्नं लपतात, सुटलेल्या नोकऱ्या लपतात, चौथ्या मजल्यावर एक मांजर गेली काही वर्षं नियमाविरुद्ध लपून आहे. क्रूझचं बुकिंग मात्र कप्तानांपासून लपत नाही. तुम्ही लिफ्टमध्ये शिरता आणि तळमजला यायच्या आत प्रश्न येतो, "डेक कितवा?" तुम्ही आकडा सांगता. "पुढे, मागे की मधे?" हे तुम्हाला माहीत नसतं. कप्तान चष्मा काढतात, पुसतात आणि म्हणतात, "म्हणजे तुम्ही बुकिंग नाही केलंत. नुसते पैसे भरलेत."

कप्तान वीज मंडळातून निवृत्त. डोंबिवलीत मर्चंट नेव्हीत आयुष्य काढलेली माणसं कमी नाहीत, पण ती समुद्राबद्दल विचारलं तर पगाराबद्दल सांगतात. कप्तानांचं तसं नाही. फार वर्षांपूर्वी सिंगापूरहून 'सुपरस्टार व्हर्गो'वर तीन रात्री आणि पुढे मुंबई-गोवा-मुंबई, एवढ्या भांडवलावर त्यांनी सल्ल्याचा जो धंदा उभारला आहे, तो पाहून कुणीही मराठी माणसाला व्यापार जमत नाही असं म्हणणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत आमची काही कुटुंबं मिळून गोव्याची क्रूझ करायचं ठरलं, तेव्हा त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर 'सागरप्रवास' नावाचा ग्रुप निघाला, त्याचे अॅडमिन कप्तान होते आणि त्यांचं तिकीट आमच्याआधी निघालेलं होतं.

तारखेपासून त्यांनी सुरुवात केली. नारळी पौर्णिमेला कोळी दर्यात उतरले म्हणून पर्यटकांनी उतरायचं कारण नाही, हे त्यांचं मत. दिवाळी ते होळी अरबी समुद्र त्यातल्या त्यात शहाण्यासारखा वागतो. पावसाळ्यात तर पश्चिम किनाऱ्यावरची क्रूझ बंदच असते. मग खोली. जहाज डोलतं ते मध्याभोवती, त्यामुळे मधल्या भागात आणि खालच्या डेकवर हेलकावा सर्वांत कमी. वरची, अगदी नाकावरची बाल्कनीवाली खोली घेणारा माणूस नजाऱ्याचे पैसे देतो आणि हेलकावा फुकट घेतो. "तुला बोट लागते का?" त्यांनी आमच्या ग्रुपमधल्या एका नवविवाहित मुलाला विचारलं. तो म्हणाला, "माहीत नाही काका, कधी बसलोच नाही." "घाटात गाडी लागते?" "लागते." "मग मधली खोली घे. खिडकी नसली तरी चालेल. खिडकीतून ओकता येत नाही." नव्या सुनेचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

उलटीची गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो, ती आधी घ्यावी लागते. मात्र तिने झोप येते, म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकदम घेऊ नये, हेही त्यांनी बजावलं. त्यांच्या मागच्या फेरीत एक कुटुंब गोळ्या घेऊन झोपलं ते थेट मुरगावच्या धक्क्यावर उठलं आणि मुंबई बंदर सुटताना काय दिसतं ते इतरांच्या मोबाइलवर पाहिलं म्हणे. काकू, म्हणजे कप्तानांची बायको, या सगळ्यात बोलत नाहीत. त्यांच्या पर्समध्ये आलेपाकाचा डबा असतो. कुणी पांढरं पडलं की त्या एक वडी हातावर ठेवतात, डेकवर नेऊन उभं करतात आणि म्हणतात, "लांब बघ. पायाकडे बघू नकोस." कप्तानांनी ग्रुपवर टाकलेली दोन पानी पीडीएफ यापुढे फिकी पडते, पण हे त्यांच्यासमोर बोलायची कुणाची छाती नाही.

बॅलार्ड पिअरवर आम्ही पोचलो तेव्हा कप्तान आधीच तिथे होते. मोठ्या बॅगांना खोलीच्या नंबराची पट्टी लावून त्या टर्मिनलवरच द्यायच्या असतात. त्या आपल्याआधी जहाजात जातात आणि आपल्यानंतर बऱ्याच वेळाने खोलीच्या दाराशी येतात. त्यामुळे औषधं, आधार कार्ड, चार्जर आणि पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत. हे त्यांनी ग्रुपवर रोज लिहिलं होतं, कधी कधी ठळक अक्षरांत. तरी चढल्यावर दुपारभर तलावाकाठी जीन्स घालून, भरजरी पंजाबी ड्रेस घालून उदास बसलेली मंडळी दिसतातच. त्यातली काही आमचीच होती.

खरा प्रसंग घडला स्कॅनरवर. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची बॅग पट्ट्यावरून पुढे गेली, थांबली, मागे आली. सुरक्षा रक्षकाने ती उघडायला सांगितली. वर भडंग, त्याखाली थेपले, त्याखाली साड्या आणि साड्यांच्या घडीत, तान्ह्या बाळासारखी गुंडाळलेली, इंडक्शनची शेगडी. पुढे किटली निघाली. पुढे प्रवासी इस्त्री. शेवटी पाच सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड. रक्षकाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. त्याने चारही वस्तू ओळीने मांडल्या आणि पावती लिहायला घेतली. "अहो, नुसता चहा करायचा होता सकाळचा," वहिनी म्हणाल्या. "जहाजावरचा चहा मेला कसा असेल कोण जाणे." जहाजावर सर्वांत मोठी भीती पाण्याची नसते, आगीची असते, म्हणून तापणारं काहीही चालत नाही. वीज मंडळातल्या माणसाला हे सांगायची केवढी हौस असेल! पण कप्तान काही बोलले नाहीत. ते फक्त वहिनींच्या शेजारी उभे राहून श्वास घेत होते. इतक्या स्पष्टपणे "मी सांगितलं होतं" असं नाकाने म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आपल्या पिशवीतून त्यांनी स्वतः जे काढलं, ते मात्र मानलं पाहिजे. लोहचुंबकाचे हूक. खोलीच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, त्यामुळे हूक लावला की ओले टॉवेल, टोप्या, पिशव्या सगळं लटकतं. खोली एवढीशी असते की नवरा-बायकोपैकी एकाने वळायचं झालं तर दुसऱ्याने कॉटवर बसावं लागतं. काही जहाजांत दिवे लागण्यासाठी दाराजवळच्या खाचेत कार्ड घालावं लागतं. तिथे कप्तान आपलं निवृत्तीपूर्वीचं व्हिजिटिंग कार्ड घालतात. मंडळाच्या कार्डावर अजून लाइट लागतो, याचं समाधान त्यांच्या तोंडावर तीन दिवस होतं.

सुटण्याआधी सुरक्षेचा सराव असतो. सात आखूड भोंगे आणि एक लांब, तो ऐकला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. आमच्यातल्या तरुण मंडळींनी तेवढ्यात बुफे गाठायचा बेत केला होता. कप्तानांनी त्यांना दारातच अडवलं आणि यावेळी त्यांचा आवाज सल्ल्याचा नव्हता. वेंगुर्ल्याचा माणूस, रामदास बोटीचं नाव ऐकत वाढलेला. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ते जुनं झालं म्हणाल, तर १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर गेली. ३२ माणसं मेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव व्हायचाच होता, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी २४ तासांची मुभा होती. त्यानंतर नियम बदलला. "लाइफ जॅकेट कुठे आहे ते बघून या आणि मग हादडा," कप्तान म्हणाले. मुलं गेली. बुफे कुठे पळून गेला नव्हता.

बुफेबद्दल कप्तानांचं वेगळं शास्त्र आहे आणि ते ऐकताना त्यांच्या डोळ्यांत जी चमक येते ती समुद्राबद्दल बोलताना येत नाही. पहिली फेरी रिकाम्या ताटलीची. सगळं बघायचं, काही घ्यायचं नाही. "भात दिसला की आपला माणूस संपतो," हे त्यांचं निरीक्षण. पहिल्या दिवशी अख्खं जहाज वरच्या बुफेवर तुटून पडतं तेव्हा खालच्या डायनिंग रूममध्ये टेबलं रिकामी असतात. तिथलं मुख्य जेवणही बहुधा तिकिटातच असतं आणि तिथे ताटली आपल्याकडे चालत येते. जैन काउंटरवरची डाळ सगळ्यात भरवशाची. पण या सगळ्याआधी हात. सॅनिटायझरने नव्हे, साबणाने. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो आणि तो नुसत्या सॅनिटायझरला दाद देत नाही. कप्तान वॉशबेसिनशी उभे राहून अनोळखी माणसांनाही हे सांगत होते. एका गुजराती आजोबांनी त्यांना जहाजाचा कर्मचारी समजून छोट्या चमच्यांबद्दल विचारलं. कप्तानांनी चमचे आणून दिले.

विमान मोड हा त्यांचा दुसरा जप. किनारा लांब गेला की फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो आणि त्याचा दर ऐकून माणसाला गोळी घेऊनही बोट लागते. कार्डाचं तसंच. जहाजात रोख पैसे चालत नाहीत, खोलीचं कार्डच सगळीकडे दाखवायचं. पैसे गेल्याचं दुःख जागच्या जागी होत नाही, ते साठून शेवटच्या सकाळी बिल होऊन दाराखालून आत येतं. त्यात माणशी रोजचं सेवाशुल्क असतं. मुलांचंही असतं. त्यावर रिसेप्शनच्या रांगेत उभं राहून भांडणाऱ्यांना कप्तान दुरून हसतात, कारण पहिल्या खेपेला ते स्वतः भांडले होते. ही माहिती काकूंची.

डेकवरच्या खुर्च्यांचा प्रश्न निराळा. पहाटे साडेसहाला टॉवेल टाकून खुर्च्या अडवायच्या आणि दहाला यायचं, हा जगभरच्या क्रूझवरचा जुना रोग आहे. कप्तानांना यात काही गैर वाटत नाही. त्यांच्या लहानपणी वेंगुर्ल्याला जाणाऱ्या बोटीत त्यांची आई भाऊच्या धक्क्यावरून चढल्या चढल्या डेकवर घोंगडं पसरून जागा धरायची, ट्रंक उशाला आणि मुलं चार कोपऱ्यांवर. कोकणच्या बोटी बंद पडल्या, पथारी राहिली. आमच्या ग्रुपच्या नऊ खुर्च्यांवर नऊ टॉवेल पाहून एक बंगाली गृहस्थ काय म्हणाले ते कळलं नाही, कळायला हवं होतं असंही नाही.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं, पणजीला नव्हे. हे नकाशात दिसतं, पण उत्साहात दिसत नाही. मंडळींचा बेत मंगेशी, शांतादुर्गा, पणजीत मासळीची थाळी, बागा आणि जमल्यास कुणाच्या तरी आत्याकडे चहा. कप्तानांनी बागा आणि आत्या खोडून टाकल्या. जहाजाची वेळ म्हणजे जहाजाची वेळ, सुटण्याच्या तासभर आधी परत. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर जहाज बहुधा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. मागे एक जोडपं काजू घेत बसलं. धक्क्यावर आलं तेव्हा त्यांचं सामान मुंबईच्या दिशेने निघालं होतं. ती दोघं मडगावहून कोकणकन्येने परतली, आणि कप्तानांच्या मते त्यांचा प्रवास जास्त चांगला झाला, कारण गाडीत कांदाभजी मिळाली.

आम्ही वेळेत परतलो. त्यांच्या सल्ल्याने आमचं कुठेच काही अडलं नाही, हीच खरी अडचण आहे. हा माणूस चुकला असता तर त्याच्यावर प्रेम करणं सोपं गेलं असतं. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि सकाळी घालायचे कपडे त्यात भरायचे नसतात, हेसुद्धा त्यांनी रात्री दहा वाजता प्रत्येक दारावर टकटक करून सांगितलं. तळमजल्यावरच्या एका भाऊंनी तेवढ्यासाठी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते बॅलार्ड पिअरवर चट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात, पायात बूट आणि गळ्यात कॅमेरा अशा थाटात उतरले आणि टॅक्सीवाल्याने त्यांच्याकडून भाडं आगाऊ मागितलं.

घरी आल्यावर रात्री ग्रुपवर कप्तानांचा शेवटचा संदेश आला : 'दोन-तीन दिवस जमीन हलल्यासारखी वाटेल. घाबरू नये. आंघोळीला जाताना भिंतीला धरावे.' घाईत तो चुकून 'सागरप्रवास'ऐवजी सोसायटीच्या मुख्य ग्रुपवर गेला. पंधरा मिनिटांत बी विंगची निम्मी मंडळी चादरी, पासबुकं आणि चौथ्या मजल्यावरची मांजर घेऊन खाली पार्किंगमध्ये उभी होती.