चुका शून्य, इशारे पडदाभर

आमच्या ऑफिसात एकमेकांचा कोड मनापासून कुणी वाचत नाही. ‘छान आहे’ म्हणून मंजुरी देतात आणि चहाला जातात. वाचतो तो एकटा ईएसलिंट, कोड तपासणारा प्रोग्राम. टर्मिनलमध्ये एक कमांड दिली की हा गडी सगळ्या रिअ‍ॅक्ट कंपोनंटांतून फिरून येतो आणि फाइल, ओळ, रकाना अशा पूर्ण पत्त्यासकट चुका मांडतो.

गंमत म्हणजे कोड तो चालवून बघतच नाही. नुसता वाचतो, त्याच्या रचनेचं झाड करतो आणि फांदी न् फांदी तपासतो. प्रत्येक घराण्यात एक काका असतात; लग्नाला फिरकत नाहीत, पण पत्रिकेतली वेलांटी चुकल्याचं फोन करून कळवतात. त्यातलाच हा. बटण दाबल्यावर गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले गेले तरी त्याला सोयरसुतक नाही. पण एखादं व्हेरिएबल जाहीर करून वापरलं नाही, तर तेवढ्यावरून घर डोक्यावर घेईल.

खानदान जुनं आहे. १९७८ साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी ‘लिंट’ लिहिला. जावास्क्रिप्टसाठी २००२ मध्ये डग्लस क्रॉकफर्ड यांचा जेएसलिंट आला. क्रॉकफर्ड यांची मतं ठाम, म्हणून त्याचीही. २०१३ मध्ये निकोलस झकस यांनी ईएसलिंट काढला आणि नियम ज्याचे त्याने ठरवावेत अशी मुभा दिली. प्रत्येक नियम बंद ठेवा, इशाऱ्यावर ठेवा किंवा चुकीत धरा. लोकशाही आली, मागोमाग पळवाटा आल्या.

चूक निघाली की बिल्ड अडतो, इशाऱ्याने अडत नाही. म्हणून डेडलाइन जवळ आली की चुकांना इशाऱ्याच्या पदावर उतरवलं जातं. अंध वापरकर्त्यांसाठी चित्राला वर्णन द्यावं, असा एक नियम आहे. आमच्या एकाने वर्णनात ‘अबक’ लिहिलं. नियम तृप्त! ‘यूजइफेक्टच्या यादीत एक नाव राहिलंय’ अशी तक्रार आली म्हणून दुसऱ्याने ते घातलं, तर पान सर्व्हरकडे तोच डेटा पुन्हा पुन्हा मागत सुटलं. मग रामबाण उपाय: त्या ओळीच्या डोक्यावर ‘पुढच्या ओळीकडे दुर्लक्ष कर’ अशी टीप. टिपेत कारण लिहायचीही सोय आहे. आमच्याकडे सगळीकडे एकच कारण आढळतं: ‘तात्पुरतं’. त्या टिपांचे काही लेखक केव्हाच नोकरी सोडून गेले.

तरीही याला हाकलायचं कुणी नाव काढत नाही. पूर्वी ओळीच्या शेवटी सेमिकोलन हवा की नको, यावरून टीममध्ये अबोले धरले जात. सीनिअर बोलला की ज्युनिअर दुखावणार. ज्युनिअरने बोलायचं तर अ‍ॅप्रेझल आठवणार. ईएसलिंट बोलला की दोघंही मुकाट्याने बदल करतात. त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही आणि वडापाव खिलवून त्याला वशही करता येत नाही.

परवा नव्याने आलेल्या मुलीने त्याच्या कमांडला एक जादा पर्याय जोडला: ज्यांची आता गरज नाही अशा ‘दुर्लक्ष कर’ टिपाही दाखव. यादी पडदाभर ओघळली. मूळ चुका केव्हाच गेल्या होत्या, पांघरुणं तेवढी जागेवर होती. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. हा नियम कायमचा हवाच, असं एकमताने ठरलं. फक्त सध्या इशाऱ्यावर ठेवलाय. तात्पुरता.