फुकटच्या रेंजमधला युरोप

मोबाइल डेटाचे पैसे न भरता परदेशातून घरी निरोप पाठवण्याचे तीन मार्ग आहेत : मिस्ड कॉल, एसएमएस आणि वायफाय. पहिला फुकट पण मुका, दुसरा बोलका पण तोकडा, तिसरा सर्वगुणसंपन्न पण सापडेल तेव्हा खरा. युरोपच्या सहलीला निघालेले मराठी कुटुंब हे तिन्ही मार्ग आलटून पालटून वापरते. सहलीसाठी माणशी काही लाख मोजताना न कचरलेला गृहस्थ रोमिंग पॅकच्या काही हजारांपाशी मात्र अडतो. सहल ही हौस असते आणि डेटा हा खर्च. हौसेला मोल नसते, खर्चाला मात्र हिशेब असतो.

पूर्वतयारी मुंबई विमानतळावरच उरकायची असते. रोमिंग दोन प्रकारचे : सिमकार्डाचे आणि डेटाचे. पहिले चालू ठेवायचे, दुसरे बंद करायचे. पहिले चालू असले की परदेशात फोनला तिथली रेंज मिळते आणि येणारे एसएमएस सहसा फुकट मिळतात. दुसरे चुकून चालू राहिले, तर फोन खिशातल्या खिशात ॲप अपडेट करत बसतो आणि बिल मालकाच्या आधी घरी पोचते. प्रत्यक्षात बहुतेक जण भीतीपोटी दोन्ही बंद करतात आणि निश्चिंत मनाने विमानात बसतात.

काही विमान कंपन्या आकाशात निरोपांपुरते वायफाय मोफत देतात. त्यावरून मजकूर जातो, फोटो जात नाहीत. ‘ढगांच्या वर आहोत’ हे कळवता येते, ढग दाखवता येत नाहीत. ज्या ग्रुपवर उपमाही फोटोशिवाय कोणी मान्य करत नाही, तिथे या सोयीचा उपयोग मर्यादित असतो.

जमिनीवर उतरल्यावर विमानतळाचे वायफाय भेटते. ते फुकट असते, पण कित्येक ठिकाणी आधी मोबाइल नंबर विचारते आणि त्यावर एसएमएसने कोड पाठवते. कोड यायला कार्डाचे रोमिंग चालू लागते, आणि ते मुंबईतच बंद झालेले असते. फुकट इंटरनेटसाठी रोमिंग हवे आणि रोमिंग टाळण्यासाठी फुकट इंटरनेट हवे, असा हा पेच सामानाच्या पट्ट्याशेजारी उभे राहून सोडवावा लागतो. तोवर बॅग दोन फेऱ्या मारून पुढे गेलेली असते.

कार्डाचे रोमिंग एकदाचे चालू करून घेतले, की मिस्ड कॉल आठवतो. न उचललेल्या कॉलला पैसे पडत नाहीत, या एका तत्त्वावर भारतात पूर्ण भाषा उभी राहिली. सहलीपुरती तिची संहिता घरून ठरवून आणलेली असते : एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे बॅगा मिळाल्या, तीन म्हणजे नाही मिळाल्या. या पद्धतीत दोन दोष आहेत. इकडच्या कानाला ऐकू येणाऱ्या रिंगा आणि तिकडे वाजणाऱ्या रिंगा यांची संख्या जुळेलच असे नाही. त्यामुळे हातात असलेली बॅग डोंबिवलीत हरवलेली असते. दुसरा दोष म्हणजे आई. ती फोनजवळच बसलेली असते आणि पहिल्या रिंगला उचलून ‘पोचलास का रे? जेवलास का?’ असे विचारते. इथून मीटर सुरू होतो.

एसएमएसला इंटरनेट लागत नाही. तो रेंजच्या जोरावर जातो. परदेशातून पाठवायला मात्र पैसे पडतात, म्हणून एकाच एसएमएसमध्ये सगळे बसवण्याकडे कल असतो. इथे लिपी आडवी येते. एसएमएसची जागा १४० बाइटची. रोमन अक्षरे सात-सात बिटांची, म्हणून ती १६० मावतात. देवनागरी सोळा-सोळा बिटांची, म्हणून ७०च. शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगवेगळे मोजले जातात. ‘आम्ही सुखरूप पोचलो’ एवढ्यातच १८ जागा जातात. ७० ओलांडले की एकाचे दोन एसएमएस होतात आणि पैसेही दोनाचे पडतात. म्हणून शुद्धलेखनासाठी शेजाऱ्यांशी भांडणारे निवृत्त मुख्याध्यापकही पॅरिसहून रोमन लिपीत, स्वर गाळून निरोप धाडतात.

उरतो तो वायफायचा शोध, आणि सहलीचा खरा मार्ग तोच ठरवतो. युरोपीय संघाने ‘वायफाय फोर ईयू’ या योजनेखाली अनेक गावांना चौकांत, बागांत, ग्रंथालयांत मोफत वायफाय बसवण्यासाठी पैसे दिले. परिणामी गाइड चर्चच्या कमानींविषयी बोलत असताना निम्मा गट नगरपालिकेच्या पायऱ्यांवर माना खाली घालून बसलेला आढळतो. लांबून पाहणाऱ्याला तो प्रार्थना करत असल्यासारखा वाटतो. स्वित्झर्लंड संघात नाही, त्यामुळे सरहद्दीपलीकडे ही योजना नाही. संघातल्या देशांत १५ जून २०१७ पासून लागू झालेली रोमिंगची माफीही स्वित्झर्लंडला बंधनकारक नाही. पॅरिसमध्ये स्वस्तात सिमकार्ड घेऊन शहाणा ठरलेला सहप्रवासी इथे पुन्हा सर्वसामान्यांत येतो.

बसमध्ये निरोप लिहून ठेवता येतात. व्हॉट्सॲपवर त्यांच्यापुढे घड्याळाची खूण दिसते आणि वायफाय मिळताच ते जातात. हॉटेलात शिरताना म्हणूनच खोलीच्या किल्लीआधी पासवर्ड मागितला जातो. तो बऱ्याचदा खोली क्रमांक आणि आडनाव असा असतो. कुलकर्ण्यांचे आडनाव काउंटरवर कसे टिपले आहे हे शोधण्यात पाऊण तास जातो. मग लॉबीतून ‘लागलं, लागलं! शेवटी वाय नाही, आय आहे!’ अशी आरोळी उठते आणि दिवसभराचे निरोप एकदम सुटतात. उन्हाळ्यात भारताचे घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. रात्री दहाला सुटलेले ‘आता नाश्त्याला बसतोय’ घरी दीड वाजता पोचते. उत्तर एकच येते : ‘झोपा.’

स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस पर्वतावर, ३,०२० मीटर उंचीवर, शाहरुख आणि काजोल यांचा पुठ्ठ्याचा पुतळा आहे. त्याच्याशेजारी उभे राहून काढलेला फोटो तिथल्या तिथे पाठवण्याची इच्छा इतकी अनावर असते, की फुकटच्या वायफायसाठी कॉफी घेतली जाते. कॉफीची किंमत रुपयांत मोजायची नसते, हा संकेत सगळे पाळतात. युंगफ्राउयोखला, ३,४५४ मीटरवर, टपालपेटी आहे. डेटा, रेंज, पासवर्ड यांपैकी काहीही न लागणारे हे एकमेव साधन. पण पोस्टकार्ड पाठवणारा घरी पोचल्यावर येते आणि बहुधा त्याच्याच हाती पडते.

या शास्त्रातले कट्टर साधक फोन संपूर्ण सहलभर एअरप्लेन मोडवर ठेवतात आणि वायफायचाही विटाळ होऊ देत नाहीत. त्यांचा खर्च शून्य येतो. न पोचलेले निरोप व्हॉट्सॲप ३० दिवस सांभाळून ठेवते, त्यामुळे त्यांचे नुकसान काही होत नाही. मुंबईत उतरून मोड काढला की दहा दिवसांची सुप्रभाते, दोन वाढदिवस आणि एक बारसे ओळीने पोचते. त्यांत शेजारच्या वहिनींचा, सहलीच्या दुसऱ्या दिवशीचा निरोपही असतो : ‘भाऊजी, तुमच्या बाथरूममधून पाण्याचा आवाज येतोय. किल्ली कुणाकडे आहे?’ याचे उत्तर भारतीय डेटावरून, जादा पैसे न भरता, लगेच देता येते.