समन्वयक पद भरलेले आहे

नवी मुंबईत दिव्यांगांच्या कुटुंबांसाठी सेवा नाहीत, असं कोणी म्हणू नये. वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. उपचार, शिक्षण, प्रशिक्षण एकाच छताखाली, आणि ते खरोखर चांगलं आहे. अडचण त्या छताबाहेर पडल्यावर. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचं एक पोर्टल, निरामय आरोग्य विम्याचं दुसरं, संजय गांधी योजनेचा अर्ज तहसीलदाराकडे. ऑटिझम असलेला मुलगा अठरा वर्षांचा झाला, की जन्मदात्या आईला १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली त्याचं पालकत्व नव्यानं मागावं लागतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. बेलापूरची आई त्यासाठी ठाण्याला जाणार आणि पुढच्याच स्टेशनवरची खारघरची आई अलिबागला, कारण मध्येच रायगड जिल्हा सुरू होतो. अपंगत्वाला ही सीमा माहीत नसावी; ते दोन्हीकडे सारखंच असतं.

या सगळ्यांत समन्वय साधायला कोणी नेमलेलं नाही, हा आरोपही खोटा. नेमणूक केव्हाच झाली आहे. बिनपगारी, चोवीस तास, रजा नाही. कार्यालय म्हणजे झेरॉक्सनं फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिला घरी ‘आई’ म्हणतात आणि खिडकीवर ‘पुढच्या सोमवारी या’.