नवजात अर्भकाच्या छायाचित्रणाची पूर्वतयारी : यावल परिसराच्या विशेष संदर्भात

खानदेशातल्या यावल, फैजपूर या पट्ट्यात सर्वत्र ‘न्यूबॉर्न शूट’ याच नावाने ओळखला जाणारा विधी म्हणजे जन्मानंतरच्या साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान बाळाला झोपवून, मऊ कापडात गुंडाळून, टोपलीत किंवा केसाळ अंथरुणावर ठेवून काढलेल्या छायाचित्रांचा संच होय. मुदतीचा हा आग्रह छायाचित्रकाराच्या लहरीतून आलेला नाही. या दिवसांत बाळ गर्भातल्या सवयीने मुटकुळे करून गाढ झोपते आणि पुढे ते हातपाय ताणून स्वतःची मते मांडू लागते, असे त्यामागचे कारण आहे. या कलेला घराघरांत पोचवण्याचे श्रेय बहुतांशी ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या ॲन गेडिस यांच्याकडे जाते. १९९६च्या ‘डाउन इन द गार्डन’ या त्यांच्या पुस्तकात बाळे फुलांत आणि भाजीपाल्यात विराजमान झाली, आणि तेव्हापासून जगभरच्या आईबापांना आपले अपत्य कशात तरी ठेवून पाहण्याची ओढ लागली.

अडचण अशी की, छायाचित्रकाराला हवे असलेले हे दिवस खानदेशातल्या कोणत्याही घरात आधीच आरक्षित असतात. घरात सुवेर असते, बाळंतिणीने आणि बाळाने सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नसतो, आणि पाचव्या रात्री कपाळावर भविष्य लिहिण्यासाठी सटवाई येणार म्हणून पाटावर कोरा कागद व लेखणी मांडलेली असते. म्हणजे एकाच दिवशी दोन पाहुण्यांची वेळ ठरलेली, त्यातही सटवाई आगाऊ रक्कम मागत नाही. तापी ओलांडून भुसावळच्या स्टुडिओत बाळ न्यायचे तर सव्वा महिना मोडतो आणि सव्वा महिना पाळायचा तर मुटकुळे सुटते. या पेचावर सर्वमान्य झालेला तोडगा म्हणजे छायाचित्रकारालाच घरी बोलावणे, त्याला अंगणात हातपाय धुवायला लावणे आणि मगच आत घेणे. तान्ह्या बाळाचा फोटो काढला की आयुष्य घटते, ही समजूतही त्याच घरात नांदत असते. मात्र जन्मल्यापासून तासाभरात मोबाइलवर काढलेली शंभरेक छायाचित्रे तिच्या कक्षेत येत नाहीत. ही समजूत फक्त पैसे देऊन काढलेल्या फोटोंना लागू आहे, असेच म्हणावे लागते.

यानंतर छायाचित्रकार जी पूर्वतयारी लेखी कळवतो ती अभ्यासण्याजोगी आहे. खोली उबदार हवी, वारा नको, बाळाचे पोट भरलेले हवे, ते आवळून गुंडाळलेले हवे आणि आसपास एकसुरी आवाज चालू हवा. गुंडाळण्यामागचे शास्त्र असे की, दचकल्यावर तान्हे बाळ दोन्ही हात एकदम फाकवते व पुन्हा जवळ ओढते. ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ एर्न्स्ट मोरो यांनी या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन १९१८ साली केले, आणि हात बांधलेले असले की बाळ तिच्यामुळे जागे होत नाही. आजीने अर्थातच १९१८ची वाट पाहिलेली नसते. खिडक्या लावलेली खोली, शेगडी, ओव्याची धुरी, तेल लावून घातलेली अंघोळ, नंतर दुपट्यात आवळून बांधलेले गाठोडे आणि मांडीवर हलवत चाललेले गुणगुणणे, हा बाळंतिणीच्या खोलीचा जुना संसार आणि ती लेखी यादी यांत फरक काढायचाच झाला तर तो धुराचा आणि बिलाचा निघेल. आजीच्या पद्धतीत जुने सुती लुगडे पुरते, तर शूटसाठी लागणारा ताणता येणारा कपडा कुरियरने येतो व एका धुण्यात आटतो.

उबेच्या अटीचे यावलमध्ये जे होते ते स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. थंड देशांतल्या मार्गदर्शक पुस्तिका हीटर लावायला सांगतात; इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा खोलीला ऊब देण्यासाठी फक्त कूलर बंद करावा लागतो. परंतु जन्मापासून त्या कूलरच्या घरघरीतच झोपलेले बाळ तो बंद होताच डोळे उघडते. म्हणून पाण्याची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवावा, हा मध्यममार्ग निघतो. त्यातून येणाऱ्या भट्टीच्या झोतात बाळाला घाम येऊ लागतो आणि मग मोटर पुन्हा सुरू होते. ही चर्चा चालू असताना छायाचित्रकाराचा सदरा पाठीला चिकटलेला असतो आणि बाळ झोपलेले असते, कारण चर्चेचा आवाजही एकसुरीच असतो.

सजावटीच्या साहित्याबाबत घरात दोन पक्ष पडतात. आईबापांना लोकरीची टोपी, लाकडी चंद्र आणि पांढरे केसाळ अंथरूण हवे असते. आजोबांना बाळ केळीच्या घडापाशी हवे असते, आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले असल्यामुळे त्यांची बाजू कागदोपत्री भक्कम असते. यावल तालुक्यातल्याच फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून सारे नगर सजवले होते, हा दाखलाही आजोबांच्या मदतीला येऊ शकतो. त्यांच्या विरोधात उभा राहतो तो केळीचा चीक, ज्याचा डाग कपड्यावर पडला की कापड फाटते पण डाग जात नाही. पांढऱ्या अंथरुणाचे भवितव्य तसेही उज्ज्वल नसते. लंगोटाविना ठेवलेले बाळ कोणत्याही पक्षाचा विचार न करता आपले मत त्यावर नोंदवते.

दोन्ही हातांवर हनुवटी टेकवून बसलेल्या बाळाची जी छायाचित्रे मोबाइलवर फिरतात त्यांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. तान्ह्याची मान स्वतःहून सावरत नाही. अशा चित्रात एकदा डोके धरून आणि एकदा मनगटे धरून काढलेले दोन फोटो नंतर जोडलेले असतात. हे ठाऊक नसलेले मामालोक घरीच प्रयोग करू पाहतात, आणि त्यांना वेळीच बाहेर काढणे हाही पूर्वतयारीचाच भाग समजावा. बाळाला धरणारे हात लपवण्याची ही युक्ती जुनी आहे: एकोणिसाव्या शतकात कॅमेऱ्याला बराच वेळ लागे, म्हणून युरोपात बाळाला स्थिर धरणाऱ्या आईवर चादर घालून तिला खुर्चीसारखे भासवत. यावलची बाळंतीण चादरीखाली नसते. रात्रभर जागून, डिंकाचा लाडू तोंडात धरून, तिला फक्त ‘नॅचरल’ दिसायला सांगितलेले असते. बाळ मात्र झोपेत हसते. हे हसू आपोआप उमटणारे असते, ओळखीचे हसू साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास येते, असे वैद्यक सांगते. सटवाई हसवते, असे आजी सांगते. आणि छायाचित्रकार दोघांकडेही लक्ष न देता बटण दाबतो.

खरा संघर्ष उद्‌भवतो तो शेवटी, तिटेवरून. तीट म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गालावर किंवा कपाळावर लावलेला काजळाचा ठिपका. छायाचित्रकार संगणकावर सोलवटलेली कातडी, काविळीची पिवळी झाक आणि लाल चट्टे पुसतो, तेव्हा त्याच ओघात तीटही डाग समजून पुसली जाते. अल्बमचा नमुना आल्यावर आजीचे पहिले आणि अंतिम वाक्य असते : “पोराले नजर लागीन.” मग चेहऱ्याच्या प्रत्येक फोटोत तीट परत बसवली जाते, पालथ्या झोपलेल्या बाळाच्या फोटोत ती तळपायावर जाते, आणि या कामाची रक्कम बिलात ‘जादा एडिटिंग’ या सदराखाली बाळाच्या वडिलांच्या नावे येते.