संपर्कसंहिता: बिबवेवाडी–डोडोमा विभाग

परदेशात स्वयंसेवक म्हणून निघालेल्या मुलामुलींना लस, विमा, मच्छरदाणी यांबद्दल सूचनांचं बाड मिळतं. घरच्यांशी बोलायचं कसं, याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. ही उणीव भरून काढण्याचा अधिकार मला दोन कारणांनी पोचतो. माझी उभी नोकरी टेलिफोन खात्यात झाली, आणि आमची कन्या सध्या टांझानियात, डोडोमाला आहे. तिने ही संहिता मागितलेली नाही. पण मागितल्यावर मिळतो तो सल्ला नव्हेच.

कलम पहिले. आपण कुठे चाललो आहोत, हे नातेवाइकांना एकदाच आणि लेखी कळवावे.

तोंडी सांगण्याचे परिणाम आम्ही भोगतो आहोत. कन्या गेली संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातून. आमसभेने हा कार्यक्रम 1970 मध्ये सुरू केला, त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉन इथे आहे, वगैरे तिने आत्याला नीट समजावलं. आत्याने त्यातलं फक्त जर्मनी उचललं. आता पुण्यात अप्परपासून सहकारनगरपर्यंत आमची मुलगी जर्मनीत आहे. ज्यांना खरं कळलं, त्यांच्या लेखी ती ‘आफ्रिकेत’ आहे. त्या खंडात कुठेही ताप, पूर किंवा बंड झालं की पहिला फोन आम्हाला येतो. तिथून डोडोमाचं अंतर नकाशात दाखवलं तरी, ‘हो, पण आफ्रिकाच ना?’ सिंह दिसतात का, असं विचारणाऱ्यांना मी सांगतो की सेरेंगेटी तिच्या गावापासून शेकडो किलोमीटर लांब आहे; सिंहच बघायचे असतील तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जा, रिक्षाने होतं. पगार किती, या प्रश्नाला ‘निर्वाहभत्ता मिळतो’ एवढंच उत्तर द्यावं. पुढचा प्रश्न ‘मग गेलीच कशाला’ हा असतो आणि त्याचं उत्तर सोसायटीच्या जिन्यात उभं राहून देता येत नाही.

कलम दुसरे. वेळ ठरवताना कोणाच्या घड्याळाप्रमाणे, हे आधी ठरवावे.

टांझानिया आपल्या अडीच तास मागे. हा हिशेब सोपा आहे. आम्ही हॉलमध्ये दुसरं घड्याळच लावलं. खरी गंमत पुढे आहे. तिथली माणसं आपसात स्वाहिलीत वेळ सांगतात ती सूर्योदयापासून मोजून. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन. सुरुवातीला कन्येला कोणीतरी दोनला बैठक आहे म्हणून सांगितलं. ती जेवून निवांत दुपारी पोचली, तेव्हा बैठक सकाळीच आटोपलेली. मला हे पचायला वेळ लागला. कन्येच्या आईने मात्र भाजी निवडता निवडता निकाल दिला: ‘त्यात काय, आपलं पंचांगही सूर्योदयापासूनच दिवस धरतं. त्यांचंच बरोबर आहे.’ विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिथे सूर्य बारा महिने जवळजवळ एकाच वेळी उगवतो, म्हणून ही पद्धत चालून जाते, असं शास्त्रीय स्पष्टीकरण मी दिलं. ते कोणी ऐकलं नाही.

कलम तिसरे. ‘नंतर बोलते’ हा निरोप धरला जाणार नाही.

कलम चौथे. ‘सगळं ठीक आहे’ या वाक्यावर बंदी आहे.

हे वाक्य ऐकल्यावर आई रात्रभर जागी राहते. ठीक असलेली माणसं असं बोलत नाहीत, ती तक्रार करतात. त्यापेक्षा टाकीत पाणी नव्हतं हे सांगावं, घरमालकिणीचा कोंबडा पहाटे चारला ओरडतो हे सांगावं. कामाचा अहवाल आम्हाला नको. तो वाचायला बॉनला माणसं नेमलेली आहेत. घरी चालते ती फुटकळ बातमी. तिथे उगाली खातात, मक्याच्या पिठाचा वाफाळता घट्ट गोळा, हे कळल्यावर हिने तासभर उलटतपासणी घेतली आणि ‘म्हणजे मक्याची उकडच की, पण फोडणीशिवाय’ असा शेरा मारून ती शांत झोपली. चपाती तिकडे सर्रास मिळते आणि तिला म्हणतातही चपातीच, हे समजलं त्या दिवशी घरात सणासारखं वातावरण होतं.

उलट दिशेनेही हाच नियम. मुलांना ‘काळजी घे’ पाठवू नये. मार्केट यार्डात दसऱ्याला झेंडू काय भावाने गेला, गंगाधाम चौकात किती वेळ अडकलो, समोरच्यांनी गॅलरी कशी बंद करून घेतली, हे पाठवावं. कन्येचं सर्वांत लांब उत्तर आलं होतं ते समोरच्यांच्या गॅलरीबद्दल.

कलम पाचवे. फराळ कुरिअरने पाठवू नये. जाणारं माणूस शोधावं. चकली आणि शेव डब्यात पोचते. चिरोट्यांची आशा सोडावी.

कलम सहावे. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकताना आपण काम करतो त्या आरोग्यकेंद्रातल्या मुलांचे टाकू नयेत. काका मागतील, ‘एखादा गोंडस पाठव’ म्हणतील. नाही म्हणावं. कोणाचं तरी आजारी लेकरू आपल्या ग्रुपवर फुलांच्या सुप्रभातामध्ये फिरवायचा हक्क आपल्याला नाही. इथे मी विनोद करत नाहीये.

कलम सातवे. चित्र जाऊ द्यावं, आवाज धरावा.

नेट कमी असेल तर व्हिडिओ आधी बंद करावा, म्हणजे आवाज टिकतो. रेकॉर्ड केलेला निरोप सर्वांत उत्तम. नेट येईल तेव्हा जातो आणि आईला पाचदा ऐकता येतो. आणि साधा फोन नंबर, देशाच्या 255 या आकड्यासह, कागदावर लिहून फ्रिजला चिकटवावा. शेजारी घरमालकिणीचा आणि दार-ए-सलाममधल्या भारतीय उच्चायुक्तालयाचाही. व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला, असं आमच्याकडेही विचारलं गेलं होतं. मग 2025 च्या 29 ऑक्टोबरला टांझानियात निवडणूक झाली आणि त्याच दिवशी देशभर इंटरनेट बंद पडलं. भाऊबीज होऊन आठवडाही झाला नव्हता. पुढचे काही दिवस निरोपांखाली एकच बरोबरची खूण, दुसरी येईना. बातम्यांत गोळीबार. ही देवापाशी, मी फ्रिजपाशी. ‘सर्व मार्ग व्यस्त आहेत’ हे ऐकण्यात माझी हयात गेली आहे, पण आपल्या मुलीच्या नंबरवर ऐकायची सवय नव्हती. शेवटी लागला. ‘बाबा, मी घरातच आहे, डाळतांदूळ आहे.’ मी विचारलं, ‘तिकडे ऊन आहे का?’ आणि फोन हिच्याकडे दिला.

कलम आठवे, केवळ वडिलांसाठी.

ट्रंक कॉलच्या काळात माणसं कॉल बुक करून दिवसभर फोनपाशी बसायची, आणि तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये पडून आठवण करायचो. त्या टेबलावर बसलेल्या माणसाला फोनवर गप्पा मारता येत नाहीत. मिनिटाला पैसे पडतात हे हाडात भिनलेलं असतं. आता फुकट आहे हे मुलीने कितीही सांगो. म्हणून आमचं संभाषण हवामान, जेवण आणि ‘घे, आईशी बोल’ एवढ्यात संपतं. मग मी शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसतो आणि तिचं सगळं बोलणं ऐकतो. पान उलटत नाही, हे हिने कन्येला सांगून टाकलंय.

वडिलांनी फोन देण्यापूर्वी एक तरी प्रश्न विचारावा, हवामान सोडून. मी कोंबड्याची चौकशी सुरू केली आहे. कन्या त्याचं सविस्तर सांगते.

जाहीर विनंती: रविवारी संध्याकाळी साडेसात ते साडेआठ, म्हणजे तिथले पाच ते सहा, आमच्याकडे कोणी येऊ नये. आलात तर चहा मिळेल, पण तो तुमचा तुम्हाला करून घ्यावा लागेल. आत्यालाही हे लागू आहे.