भीती उतरवणारे सर

इंग्रजीचे क्लास बीड जिल्ह्यात गावोगाव आहेत, पण त्या सरांमध्ये एक जात निराळी असते. ती शब्दाचा अर्थ सांगण्याआधी त्याचं कूळ विचारते. आमचे सर त्यातले. पत्र्याची शेड, समोर भरतीची पोरं, कोपरापर्यंत खडूची भुकटी आणि शर्टाच्या खिशाला लाल पेनाचा कायमचा डाग.

त्यांचा लाडका शब्द 'अले' (allay). "जुन्या इंग्रजीत याचा अर्थ खाली ठेवणं. फडात डोक्यावरची उसाची मोळी उतरवतात ना, तशी भीती उतरवायची." निम्म्या वर्गाचे आईबाप कारखान्यावर गेलेले. शब्द तिथंच पक्का व्हायचा.

"पण ध्यानात ठेवा, अले होते ती भीती, शंका, नाहीतर संशय. माणूस अले होत नसतो. त्याला रिअशुअर करायचं." तरी पेपरात एकाने स्पेलिंग असं घसरवलं, की कलेक्टरांनी शेतकऱ्यांची भीती गल्लीत नेली. सरांनी अर्धा गुण दिला. कार्यालयीन अनुभव बघता अर्थ फार चुकलेला नव्हता म्हणे.

त्यांचं ठेवणीतलं वाक्य रेल्वेचं. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग, आणि मंत्र्यांनी 'बीडला गाडी येणारच नाही' ही जनतेची भीती अले केली. मंत्री बदलले, वाक्य तेच. मग १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनीच, बीडहून अहिल्यानगरला गाडी खरंच सुटली. सगळं गाव फोटो काढायला गेलं. सर मात्र घरात बसून. चांगलं चाललेलं उदाहरण गेलं ना! दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'बीड' पुसून 'परळी' लिहिलं, तेव्हा कुठं चेहरा खुलला.

स्वतः सर मात्र सुईला भितात. मागं कुत्रं चावलं तेव्हा मीच त्यांना दवाखान्यात नेलं. सिरिंज दिसताच ते माझं मनगट धरून बसले. कंपाउंडर त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला.

"कामून भ्यायलाव सर? थांबा, तुम्हाला अले करतो."

सरांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "मला नाही रे गाढवा, भीतीला."